फायबरच्या होडीत सागवान

माझ्या सिव्हिल आयडीवर माझा व्यवसाय ‘फर्निचर सुतार’ असा आहे. कुवेतमध्ये मला एकतीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी एकही खुर्ची केलेली नाही. मी होड्या दुरुस्त करतो. आलो तेव्हा कंपनीकडे फर्निचर सुताराचा एक व्हिसा शिल्लक होता, म्हणून मी कागदोपत्री फर्निचरवाला झालो. पुढे ते बदलून घ्यायला किती खिडक्यांपुढे उभं राहावं लागेल याची चौकशी केली, तेवढ्या वेळात एक अख्खी होडी होते हे लक्षात आलं आणि तो नाद सोडला.

या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, “काहीतरी प्रेरणादायी लिहा.”

“चुकीबद्दल लिहिलं तर चालेल का?”

“चालेल. पण शेवट प्रेरणादायी करा.”

आमच्या मंडळात बँकवाले आणि कॉम्प्युटरवाले जास्त. त्यांच्याकडे चुका शोधायला वेगळं खातं असतं आणि त्या खात्याची वार्षिक पार्टीही होते. आमच्याकडे चूक पाण्यात उतरते आणि सोबत माणसं घेऊन जाते. म्हणून हा लेख एका चुकीबद्दलच आहे, आणि ती माझी आहे.

आधी धंदा थोडक्यात सांगतो. शुवैखला गाड्यांच्या गॅरेजांच्या मागे आमची शेड आहे. इथल्या लहान मासेमारी होड्या आता लाकडाच्या नसतात, फायबरच्या असतात. काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर राळ ओतायची, की ते वाळून दगडासारखं होतं. पण नुसतं फायबर लवतं. म्हणून जिथे जोर येतो तिथे मध्ये लाकूड घालतात आणि दोन्ही अंगांनी फायबरचा थर चढवतात. सगळ्यात जास्त जोर येतो तो होडीच्या मागच्या भिंतीवर, कारण इंजिन तिच्यावर टांगलेलं असतं. तिला आम्ही ट्रान्सम म्हणतो. जुन्या होडीत पहिल्यांदा कुजतं ते या भिंतीतलं लाकूड. बाहेरून भिंत चकचकीत, आत चहात बुडवून विसरलेलं बिस्किट.

हे डोळ्यांनी कळत नाही. वाजवून बघावं लागतं. त्यासाठी मी शंभर फिल्सचं नाणं वापरतो. इथल्या नाण्यांवर शिडाची होडी कोरलेली असते, त्यामुळे होडीनेच होडी तपासल्यासारखं होतं. थर लाकडाला धरून असेल तर आवाज टणक येतो, सुटला असेल तर भद्द. लहानपणी ज्याने झाडावरचा फणस वाजवून पाहिलाय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मोठ्या कंपन्या यासाठी मशीन घेऊन येतात. मशीनवाला रिपोर्ट लिहितो आणि जाताना हळूच विचारतो, “मास्टर, तुमचं नाणं काय म्हणतं?”

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकाला चोवीस फुटी होडीत संगमरवराचा ओटा हवा होता. मी म्हटलं, होडी एका बाजूला कलेल. तो म्हणाला, “मग दुसऱ्या बाजूलाही बसवा.” बसवला. ती होडी आजही त्याच्या दारात उभी आहे आणि तिच्यावर सुंदर कॉफी होते. समुद्रात ती कधी गेली नाही, हे त्याचं आणि माझं दोघांचंही नशीब.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. लाकडी होड्यांचं काम आबा मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो. आबांचा एक नियम होता. नवी होडी पाण्यात उतरली की पहिल्या फेरीला मेस्त्रीने तिच्यात बसायचं, आणि बसायचं ते नेमकं आपल्या कामातल्या ज्या जागेवर आपला सगळ्यात कमी विश्वास आहे त्या जागी. नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, बसून सुपारी कातरणारा मेस्त्री म्हणजे एक तर फार हुशार, नाहीतर थापाड्या, असं आबा म्हणायचे. कुवेतला आल्यावर हा नियम सुटला. कंपनीचा विमा कामगाराला पाण्यावर लागू होत नव्हता. होडी ट्रेलरवर चढून शेडबाहेर गेली की आमचा संबंध संपायचा.

तीन वर्षांपूर्वी फहद नावाचा एक कुवेती गृहस्थ शेडमध्ये आला. इस्त्रीचा पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात दोन फोन. त्याच्यामागून काठी टेकत त्याचे वडील आले. इथे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून त्यांना सगळे बू फहद म्हणत. वय ऐंशीच्या पुढे. डावा डोळा गेलेला, उजव्यात काचबिंदू. फहद इंग्रजीत बोलायचा, ते मी मराठीत देतो. बू फहद मात्र हिंदी बोलायचे, तीही जुन्या मुंबई बंदरावरची.

खैरानला त्यांचं समुद्रकाठचं घर आहे. त्याच्या अंगणात चाळीसेक वर्षांची एक फायबरची होडी पडून होती. बापलेक तिच्यातून किनाऱ्यालगत मासे धरायचे. मग फहद मोठा साहेब झाला आणि होडीत मांजरी व्यायला लागल्या. आता बू फहदना त्याच होडीतून उम्म अल-मरादिमला जायचं होतं. हे बेट किनाऱ्यावरून दिसत नाही इतकं लांब. तरुणपणी ते तिथे मासेमारीला जात.

“डॉक्टर म्हणाले, काही महिने,” फहद हळूच म्हणाला. “त्यानंतर उजव्या डोळ्यालाही फारसं दिसणार नाही. त्यांना बेट एकदा बघायचंय.”

“नव्या बोटीतून न्या की. दोन तासांत बघून याल.”

“मी तेच म्हटलं. ते म्हणतात, नव्या बोटीतून प्रवासी जातात.”

म्हातारा माझ्याकडे वळला. “तुम किधर का?”

“वेंगुर्ला.”

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. “वेंगुर्ला बत्ती,” तो म्हणाला. “दो रात देखा. हवा नहीं था.”

बारा वर्षांचा असताना तो वडिलांच्या शिडाच्या गलबतातून कालिकतला लाकूड आणायला गेला होता. वाटेत वारा पडला आणि दोन रात्री गलबत आमच्या वेंगुर्ल्याच्या दीपगृहासमोर जागच्या जागी उभं राहिलं. त्याचे वडील त्या गलबताचे नोखदा, म्हणजे आपल्याकडचा नाखवा. इतक्या वर्षांत वेंगुर्ला कुठे आलं हे मला प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं, त्यात मंडळातले पुणेकरही आले. हा पहिला माणूस भेटला ज्याने ते समुद्राकडून पाहिलं होतं. तिथेच माझी अर्धी अक्कल गेली.

होडी शेडमध्ये आली. किनाऱ्यालगतच्या होडीला खोल समुद्रासाठी तयार करणं म्हणजे नुसता रंग नव्हे. मुख्य मुद्दा एकच: आत आलेलं पाणी आपोआप बाहेर गेलं पाहिजे. म्हणून आतली जमीन पाण्याच्या पातळीच्या वर उचलायची आणि कडेला निचऱ्याची भोकं ठेवायची. खालची पोकळी बंद कप्प्यांची करायची, म्हणजे एक फुटला तरी होडी तरंगते. मागची भिंत इंजिनासाठी कापून बुटकी केलेली असते, ती उंच करायची, नाहीतर मागून आलेली एक लाट पुरते. मोठ्या इंजिनाशेजारी अडीअडचणीला एक लहान इंजिन. मागची भिंत उघडली, तर आत अपेक्षेप्रमाणे बिस्किट.

माझा जोडीदार तात्या परब राळेचं काम करतो. तो कुडाळचा. महबूला वस्तीतल्या एकाच खोलीत आम्ही बावीस वर्षं राहतोय. माझ्या उशाशी पुस्तकं असतात म्हणून तो मला मास्तर म्हणतो, आणि त्यात आदर आहे असा माझा गैरसमज होऊ देत नाही. आम्ही नव्या भिंतीसाठी मरीन प्लायवूड कापायला घेतलं, त्याच दिवशी बू फहद एक फळी घेऊन आले.

सागवानाची फळी. हातभर रुंद, दोन इंच जाड, काळपट मधासारखा रंग. त्यांच्या वडिलांचं गलबत मोडलं तेव्हा ही एकच ठेवली होती. साठ वर्षं ती त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, बाक म्हणून होती. मी रंधा मारून एक पातळ साल काढली. वास आला, आणि उरलेली अर्धी अक्कल गेली.

“ये अंदर डाल,” बू फहद म्हणाले. “पीछे. जिधर ताकत माँगता है.”

मी तात्याकडे पाहिलं.

“मास्तर, सागवान तेलकट,” तात्या म्हणाला. “राळ धरूची नाय.”

“असिटोनान पुसतंय मरे.”

“पूस. वरचा तेल जातला, आतला परत भायर येतला.”

“चरे पाडूया. चऱ्यात राळ बसात.”

“तुका सगळा कळता, मगे माका कित्याक इचारतस?”

तात्याचं बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं. राळेच्या डब्यावर लिहिलेलं असतं, तेलकट लाकूड वर्ज्य. मी डब्यावरचा मजकूरही वाचणारा माणूस आहे. पण कुवेती नोखद्याचा मुलगा आणि वेंगुर्ल्याचा मेस्त्री मध्ये सागवान ठेवून समोरासमोर उभे असताना प्लायवूडचं नाव काढणार कोण? असला हिशेबीपणा मारवाड्याच्या दुकानात तागे मोजणाऱ्याला चालेल, मेस्त्रीला नाही, असं काहीतरी मला वाटलं. लोकांच्या संगमरवरावर हसणारा मी, माझा संगमरवर फक्त लाकडाचा होता. मी फळी असिटोनने तीनदा पुसली, चरे पाडले, भिंतीच्या मधोमध बसवली, दोन्ही बाजूंना प्लायवूड जोडलं. तात्याने राळ चढवली. काम इतकं देखणं झालं की मी फोटो काढून गावी पाठवला.

होडी खैरानला गेली. आदल्या दिवशी फहदने खाडीबाहेर तासभर जोरात पळवून पाहिली आणि फोन केला, “विमान आहे.” दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याने समारंभ ठेवला होता. जेवणानंतर तो वडिलांना घेऊन बेटावर जाणार होता.

मी आणि तात्या सकाळीच पोहोचलो. मांडव, गालिचे, वाळूत उभ्या केलेल्या सोनेरी खुर्च्या. होडी ट्रेलरवर, तिच्याभोवती फीत, फितीसमोर मखमली उशी, उशीवर कात्री. एक तरुण ड्रोनची चाचणी घेत होता. फलकावर लिहिलं होतं, ‘वारशाचा पुनर्जन्म’. मला वाटलं होतं पुनर्जन्म आपल्याकडचा विषय आहे, पण समारंभ करणाऱ्या कंपन्यांना धर्म नसतो.

पाहुण्यांना अजून दोन तास होते. सवयीने मी खिशातून नाणं काढलं आणि मागची भिंत वाजवत गेलो. टण, टण, टण. मग मधोमध, इंजिनाच्या उजव्या बोल्टाशेजारी, भद्द.

मी पुन्हा वाजवलं. बोट ठेवून कडा शोधली. तळहाताएवढी जागा. तासाभराच्या धक्क्यांनी थर सागवानापासून सुटला होता.

तात्या मागे उभा होता. “किती सुटला?”

“तळहाताएवढा.”

तो ‘मी सांगला होता’ म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला, “ग्रायंडर गाडीत आसा.”

इथे वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या क्षणी हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. होडी त्या दिवशी बेटावर जाऊन आली असती, बहुधा. दुसऱ्या वेळीही, कदाचित. मग कधीतरी भर समुद्रात, लाटेवरून उतरताना, बोल्ट भिंतीसकट सैल झाले असते, आणि तिथून किनारा दिसत नाही. दोष गंजलेल्या बोल्टांवर गेला असता.

मी फहदला बाजूला घेतलं. “होडी आज जाणार नाही.”

त्याने दोन्ही फोन खिशात ठेवले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. “सत्तर माणसं येतायत.”

“भिंत उघडावी लागेल. तीन आठवडे.”

“खाडीत एक चक्कर? पंधरा मिनिटं. खाडीत काय होणार आहे?”

“खाडीत काही होणार नाही. छान पळेल. मग जेवल्यावर तुमच्या वडिलांना होडीत चढण्यापासून अडवणार कोण? मी?”

तो तापला, आणि त्याचं चुकत नव्हतं. तेवढ्यात काठीचा आवाज आला. बू फहदना दिसत कमी होतं, ऐकू सगळं येत होतं.

“फिर से बजा,” ते म्हणाले.

मी वाजवलं. त्यांनी मान तिरकी केली. मग स्वतः बोटाच्या पेराने भिंतीवर ठोकत गेले आणि बरोबर त्या जागी थांबले. “इधर सब बोलता है. ये चुप है.”

“हां.”

“किसका गलती?”

“मेरी.”

“लकड़ी मेरा था.”

“जोड़ मेरा था.”

“ठीक है, तेरा,” ते म्हणाले आणि कॉफी कुठे आहे ते विचारलं.

समारंभ झालाच. फहदने ट्रेलरवरच्या होडीची फीत कापली, ड्रोन उडाला, एक भाषण झालं. त्यात कारागिराच्या अचूक हातांचा उल्लेख दोनदा आला. मला फ्रेम केलेलं सन्मानपत्र मिळालं. त्यावर माझं नाव चुकलेलं होतं, त्यामुळे तो सन्मान कोणाचा हे अजून ठरायचं आहे. तात्याने ते शेडमध्ये असिटोनच्या डब्यांवर टांगलं आहे. कोणी सागवान घेऊन आलं की तो तिकडे बोट करतो.

होडी परत आली. आतला थर कापला तेव्हा सागवानाची फळी साच्यातून मोदक निघावा तशी अलगद बाहेर आली. राळेचा एक कण तिला चिकटलेला नव्हता. तीन वेळा पुसलेलं, चरे पाडलेलं लाकूड, जसं आलं तसं परत. त्या भिंतीत मी प्लायवूड घातलं आणि या वेळी तात्याला विचारून घातलं. फळी होडीच्या मधोमध आडवी टाकून बोल्टांनी आवळली. सागवानाला राळ नको असते, बोल्टांची तक्रार नसते. साठ वर्षं बाक होती, पुन्हा बाक झाली.

काम तीन आठवड्यांत झालं. पण तोवर इथल्या वसंतातली वादळं सुरू झाली. दुपारी आभाळ एकदम तपकिरी होतं आणि समुद्राचा भरवसा उरत नाही. मग बू फहद दोनदा इस्पितळात गेले. होडी अखेर निघाली ती मेच्या शेवटी, पहाटेच्या शांत पाण्यात. तोवर उजव्या डोळ्याला फक्त उजेड आणि सावली उरली होती. पहिल्याच वेळी मी प्लायवूड घातलं असतं तर त्यांनी ते बेट स्वतः पाहिलं असतं. याला मी नंतर बरीच उत्तरं शोधली. एकही टिकलं नाही.

या वेळी मी फहदला सांगितलं, मी येणार. तो म्हणाला, विमा? मी म्हटलं, फर्निचर म्हणून न्या.

बू फहद सागवानाच्या बाकावर बसले. मी मागे, भिंतीला पाठ लावून, इंजिनाच्या शेजारी. किनारा दिसेनासा झाल्यावर त्यांनी विचारलं, “मिस्त्री किधर बैठा है?”

“पीछे.”

“इंजिन के पास?”

“हां.”

त्यांनी फहदला इंजिन बंद करायला लावलं. एकदम शांत झालं, नुसतं तळाला थापटणारं पाणी. ते मुलाचा हात धरून मागे आले, वाकले आणि भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवत गेले. मधोमध दोनदा.

“बोलता है,” ते म्हणाले. “सब बोलता है.” मग माझ्या खांद्यावर हात टेकून सरळ झाले. “हमारा गल्लाफ भी पहला दिन ऐसे बैठता था. जिधर उसको डर, उधर.” गल्लाफ म्हणजे होड्या बांधणारा सुतार, इथला जुना शब्द. “अब आगे जा. मेरे को दिखता नहीं. जज़ीरा दिखे तो बोल.”

मी नाळेशी जाऊन बसलो. आबा मेस्त्रींना चाललं असतं की नाही, माहीत नाही. सुपारी कातरली नाही एवढं खरं.

पाऊण तासाने समोर एक बारीक रेघ दिसली. “दिखा.”

“कैसा?”

“पतला. सफेद.”

“पक्षी?”

“बहुत.”

“पानी का रंग?”

“नीला. आगे हरा.”

“हरा किधर से चालू?”

“दाहिने हाथ से.”

“फहद, बायाँ,” ते म्हणाले. हिरव्या पाण्याखाली प्रवाळ असतो. फहदने सुकाणू वळवलं. पुढची वीस मिनिटं ते मला रंग विचारत होते, मी सांगत होतो, आणि ते मुलाला वाट देत होते. तपकिरी दिसतंय का, फेस कुठे फुटतोय, वाळूचं टोक कुठल्या अंगाला वळलंय. दोनदा मी चुकीचं सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी ओळखलं. “उधर हरा हो नहीं सकता. ठीक से देख.” मी ठीक से पाहिलं. तिथे निळं होतं.

होडीचं नाक वाळूला हलकेच लागलं. मी उडी मारून त्यांना हात द्यायला उठलो.

“बैठ,” बू फहद म्हणाले. “पहले नोखदा उतरेगा. गल्लाफ बाद में. गल्लाफ देखेगा, अंदर पानी आया क्या.”

ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गुडघाभर पाण्यात उतरले आणि काठी वर धरून बेटाकडे चालू लागले. मी बसलो, सागवानाच्या बाकाखाली वाकलो, मागच्या भिंतीपर्यंत हात फिरवत गेलो.

कोरडं होतं.